बोगदा गेल्यावर बोलते

प्रवासवर्णन लिहायचे तर काश्मीर पाहिजे, केदारनाथ पाहिजे, अगदीच नाही तर माथेरान तरी पाहिजे, असा आपल्याकडे एक समज आहे. ठाणे ते कल्याण या वीस किलोमीटरांचे प्रवासवर्णन कुणी लिहिल्याचे माझ्या पाहण्यात नाही. लाखो माणसे ही वाट रोज तुडवतात आणि बहुधा त्यामुळेच तिच्याकडे कुणी पाहत नाही. मी बत्तीस वर्षे पाहिली. कल्याणला घर, ठाण्याला कचेरी. सकाळी तिकडे, संध्याकाळी इकडे. निवृत्त होऊन दोन वर्षे झाली, तरी नातीला भेटायला आठवड्यातून एकदा ठाणे गाठतेच. तेव्हा या वाटेवर चार शब्द लिहिण्याचा अधिकार मला आहे, असे वाचकांनी समजून चालावे.

या वाटेचे दोन नकाशे आहेत. एक रेल्वेचा, तो फलाटावर टांगलेला असतो. ठाणे, कळवा, मुंब्रा, दिवा, कोपर, डोंबिवली, ठाकुर्ली, कल्याण. दुसरा नकाशा कुठे छापलेला नाही, पण लेडीज डब्यातल्या प्रत्येक बाईला तो पाठ आहे. कुठे रेंज येते, कुठे जाते, कुठे चार दांड्या दिसतात पण बोलणे ऐकू येत नाही, आणि कुठे एकच दांडी असून निरोप मात्र सुरळीत पोहोचतो, याचा हा नकाशा. ‘बोगदा गेल्यावर बोलते हं’ हे वाक्य या वाटेवर जितक्या वेळा उच्चारले गेले असेल, तितक्या वेळा ‘आलेच’ हा शब्दसुद्धा उच्चारला गेला नसेल. आणि बायकांच्या तोंडी ‘आलेच’ किती वेळा येतो, हे मी सांगायला नको.

या बोगद्याची हकीकत सांगण्याजोगी आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी आली, हे आपण शाळेत घोकले आहे. चौदा डबे, चारशे पाहुणे आणि साहिब, सिंध, सुलतान अशी नावे असलेली तीन इंजिने. त्या गाडीचे कौतुक इतके झाले, की पुढच्या वर्षी, १ मे १८५४ रोजी, ती कल्याणला पोहोचली याची आठवण कल्याणकरांखेरीज कुणाला नसते. वास्तविक खरे कष्ट या दुसऱ्या टप्प्यात होते. ठाण्यापर्यंत जमीन बरीचशी सपाट. ठाणे सोडले की आडवी खाडी, आणि खाडी ओलांडावी तो समोर पारसिकचा डोंगर उभा. दक्षिणेकडून बेलापूरच्या बाजूने आलेला हा डोंगर मुंब्र्यापाशी पाण्यात नाक खुपसून थांबतो. पहिल्या लोहमार्गाने या नाकाला वळसा घातला. एका बाजूला खडक, दुसऱ्या बाजूला खाडी, मध्ये रूळ. आजही मुंब्र्याजवळ गाडी वळते तेव्हा वर डोंगराच्या कड्यात मुंब्रादेवीचे देऊळ दिसते आणि खाली तिवरांची झाडे. सारा रुक्ष प्रवास सोसल्याचे बक्षीस म्हणून रेल्वेने ही दोन मिनिटे दिली आहेत, असे मी मानते.

पुढे गाड्या वाढल्या, वळसा परवडेना. तेव्हा डोंगराच्या पोटातून सरळ बोगदा काढला आणि १९१६ मध्ये तो वाहतुकीला खुला झाला. लांबी अदमासे सव्वा किलोमीटरच्या वर, तेराशे मीटर धरा. तो त्या काळी देशातल्या मोठ्या बोगद्यांत गणला जाई. जलद गाड्या बोगद्यातून आणि धीम्या गाड्या मुंब्र्यावरून, अशी वाटणी झाली आणि ती शंभर वर्षे टिकली. ताशी ऐंशी किलोमीटरच्या वेगाने गाडी निघाली तर हा बोगदा ओलांडायला बरोबर एक मिनिट लागते. माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षांत हे मिनिट कॉलेजच्या पोरांचे असे. बोगदा आला रे आला, की शेजारच्या जेंट्स डब्यातून अशा आरोळ्या उठत की पारसिकच्या वाघालाही, तो असलाच तर, घर बदलावेसे वाटावे.

मोबाईल आला आणि त्या आरोळ्या थांबल्या. त्यांच्या जागी शेकडो माणसांचे ‘हॅलो? हॅलो? ऐकू येतंय का?’ सुरू झाले.

मोबाईलआधी या वाटेवरची माणसे कशी जगत होती, हे आता माझ्या नातीला सांगितले तर तिला ती पुराणातली गोष्ट वाटते. आमच्या चाळीत एक फोन होता. त्याचा क्रमांक साऱ्या बिऱ्हाडांनी आपापल्या नातेवाइकांना ‘पीपी’ म्हणून दिलेला. गाडी रखडली तर ठाण्याच्या फलाटावरच्या पिवळ्या बूथपुढे रांग लावायची, एक रुपयाचे नाणे टाकायचे आणि फोनवाल्या काकूंना सांगायचे, ‘आमच्याकडे निरोप द्याल का, उशीर होईल.’ काकू आधी विचारत, ‘किती उशीर?’ मग विचारत, ‘का गं, भांडण झालंय का?’ निरोप घरी पोहोचेपर्यंत मी स्वतः पोहोचलेली असे. पण एकदा गाडीत बसले, की घरच्यांचा आणि आपला संबंध तासाभरापुरता संपला, हे दोन्ही पक्षांना मान्य होते. कुणी घाबरत नसे. आज पाच मिनिटे फोन लागला नाही तर मुलगा लगेच माझ्या मैत्रिणीला विचारतो, ‘आई तुमच्या बरोबर आहे ना?’

भारतातला पहिला मोबाईल संवाद ३१ जुलै १९९५ रोजी झाला. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू कलकत्त्याहून दिल्लीला केंद्रीय मंत्री सुखराम यांच्याशी बोलले. तेव्हा आलेल्या फोनचेही पैसे पडत, म्हणून मोबाईल वाजला की माणूस तो बंद करून जवळचा बूथ शोधी. बिनतारी संदेशांची ओळख मात्र आपल्या मुलखाला त्याच्या कितीतरी आधीची. १९२७ मध्येच पुण्याजवळच्या खडकीहून थेट विलायतेला बिनतारी तारा जाऊ लागल्या होत्या आणि तिकडच्या तारा दौंडला झेलल्या जात होत्या. सात समुद्र ओलांडणाऱ्या या लहरींना मुंब्र्याचा डोंगर का ओलांडता येऊ नये, असा प्रश्न मला कित्येक वर्षे पडत असे. एकदा गाडीतच भेटलेल्या एका टेलिफोन इंजिनिअर बाईंना मी तो विचारला. डोंबिवली ते ठाणे एवढ्या वेळात त्यांनी जे समजावले ते मला पुरते पटले, आणि सगळी गंमत त्यातच आहे म्हणून सांगते.

मोबाईलच्या लहरी मुद्दामच अशा निवडलेल्या असतात की त्या फार लांब जाऊ नयेत. प्रत्येक टॉवरचा एक छोटा मुलूख. आपला मुलूख ओलांडून लहर दुसऱ्याच्या हद्दीत शिरली तर तिथले बोलणे बिघडते. शहरात हे मुलूख अगदी लहान, काही शे मीटरांचे. घरी बसलेल्या माणसाला त्याचे काही नाही. पण गाडी सेकंदाला बावीस मीटर धावते. म्हणजे पाव-अर्ध्या मिनिटात एक मुलूख संपून दुसरा सुरू होतो. तुम्ही निवांत बोलत असता तेव्हा तुमचा फोन आजूबाजूच्या टॉवरांचे सूर सारखा मोजत असतो, आणि एकाचा सूर मंद झाला की दुसऱ्याच्या ओंजळीत तुम्हाला अलगद सोडले जाते. रिले शर्यतीत काठी द्यावी तसे. तुम्हाला पत्ताही लागत नाही.

पण काठी द्यायला दोन्ही धावपटू एकमेकांच्या हाताशी असावे लागतात. डोंगराचे नाक आले, बोगद्याचे तोंड आले, की एका क्षणात मागच्याचा हात सुटतो आणि पुढचा अजून दिसत नसतो. काठी खाली पडते. हेच ते ‘कट झालं’. शिवाय डबा म्हणजे धातूची पेटी. लहरी आत शिरतात त्या खिडक्यांतून आणि दारांतून, आणि आत शिरल्यावर त्यांना भेटतो आपण. माणसाच्या शरीरात निम्म्याहून अधिक पाणी, आणि पाणी या लहरी पिऊन टाकते. गर्दीच्या वेळी बारा डब्यांच्या गाडीत चार-पाच हजार माणसे असतात. तेव्हा मधल्या पॅसेजमध्ये चारी बाजूंनी दाबली गेलेली बाई फोन कानाला लावून उभी असते, ती खरे तर पाण्याच्या टाकीत उभी असते. खिडकीवाल्या बाईचा फोन चालतो आणि चौथ्या सीटवालीचा का चालत नाही, याचे मला तोवर कोडे होते. मी आपली कंपनीला बोल लावीत होते.

आणखी एक गोष्ट त्या बाईंनी सांगितली, ती मला सर्वांत आवडली. बोगदा संपला, दांड्या पुऱ्या भरल्या, तरी नेट अर्धा मिनिट ढिम्म हलत नाही, हा अनुभव या वाटेवर सर्वांना आहे. त्याचे कारण असे, की बोगद्यात चार-पाच हजार फोन एकदम हरवतात आणि बाहेर आल्यावर एकदमच ‘मी आले, मला घ्या’ म्हणून समोरच्या टॉवरचे दार ठोठावतात. दार एक, गर्दी पाच हजारांची. डोंबिवलीला सकाळी आठ वाजता जे होते तेच तिथे हवेत होते. फरक इतकाच, की हवेतल्या गर्दीत कुणी कुणाला कोपर मारत नाही.

आता ज्यांनी ही वाट तीन-चार वर्षांत पाहिलेली नाही, त्यांच्यासाठी एक खुलासा. ठाणे आणि दिवा यांच्यामध्ये पाचवी आणि सहावी मार्गिका बांधण्याचे काम वर्षानुवर्षे रेंगाळले होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये बहात्तर तासांचा मोठा ब्लॉक घेऊन ते संपवले, आणि तेव्हापासून पारसिकचा मोठा बोगदा लांब पल्ल्याच्या गाड्यांकडे गेला. जलद लोकलही आता मुंब्र्याच्या अंगाने वळसा घेतात. म्हणजे पुण्याहून येणाऱ्या मंडळींना आता पारसिकच्या पोटात मौन पाळावे लागते, आणि आमच्या वाट्याला डोंगराचे नाक आले. खाडीचे दर्शन घडते हा फायदा. पण वाक्य मात्र बदलले नाही. मुंब्र्याच्या बाजूचा लहानसा बोगदा दहा-वीस सेकंदांत सरतो, तरी बायका अजून त्याच ठसक्यात सांगतात, ‘बोगदा गेल्यावर बोलते.’ कधी कधी तर गाडी ठाकुर्लीला उभी असतानाही सांगतात. समोरून सासूबाई बोलत असाव्यात, असा मी अंदाज करते.

थट्टा सोडून एक प्रसंग सांगते. तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. सकाळची धीमी गाडी. मला दिव्याला उतरून पनवेलची गाडी धरायची होती. डोंबिवलीला एक बावीस-तेवीस वर्षांची मुलगी चढली. हातात फाईल, केस घट्ट बांधलेले, कपाळावर घाम. कोपर येते न येते तोच तिला फोन आला आणि तिचा चेहरा उतरला. फोनवरची मुलाखत होती, अकराची वेळ ठरली होती. मैत्रिणीच्या ठाण्यातल्या घरी जाऊन शांतपणे बोलायचे असा तिचा बेत. डोंबिवलीच्या दहा बाय बाराच्या खोलीत आजारी वडील, दोन भावंडे, शेजारी बांधकाम. तिथे कुठले बोलणे होणार? आणि तिकडून कळवले होते, की साहेबांना दुसरे काम निघाले, दहा मिनिटांत फोन करतो.

डबाभर बायका. तिला धड रडताही येईना. पण लेडीज डब्यात कुणाचे गुपित दोन मिनिटांपेक्षा जास्त टिकत नाही, आणि हे बरेच आहे. कुणी म्हणाली, ‘सांग त्यांना, गाडीत आहे म्हणून.’ दुसरी म्हणाली, ‘असं सांगितलं की नाव खोडतात.’ तिसरीने दहा मिनिटांचा हिशेब मांडला: ‘दहा मिनिटांत मुंब्रा. नेमका तिथंच कट होणार.’ मग दाराशी कडीपत्त्याच्या जुड्या बांधत बसलेल्या एका मावशींनी निकाल दिला. ‘दिव्याला उतर पोरी. फलाटाच्या कल्याणकडच्या टोकाला जा. तिथं रेंज सोच्छ असते. माझा ल्योक तिथूनच गावाला फोन करतो.’

मावशींचा शब्द प्रमाण मानला गेला. मुलीच्या फोनमध्ये बॅटरी अकरा टक्के. रेंज कमी असली की फोन जास्त जोर लावून ओरडतो आणि बॅटरी खातो, हेही मला नंतर कळले. एका बँकेतल्या बाईने पर्समधून पॉवर बँक काढून तिच्या हातात कोंबली. ‘पण मी परत कशी...’ ‘गुरुवारी आठ-बेचाळीस, मधला लेडीज. मी असते.’ आणखी कुणी पाण्याची बाटली दिली, कुणी वायरचे इअरफोन दिले. दिवा आले. आम्ही दोघी उतरलो.

माझी पनवेलची गाडी नेहमीप्रमाणे यायची होती. मी बाकावर बसून पाहत राहिले. मुलगी फलाटाच्या टोकाला, जिथे छप्पर संपते तिथे, उन्हात उभी. फोन आला. ती बोलू लागली. मध्ये एक एक्सप्रेस शिटी फुंकीत धडधडत गेली. तिने कानावर हात दाबला आणि पाठ फिरवून वाकून उभी राहिली, जणू पावसात दिवा जपते आहे. ध्वनिक्षेपकावर बाईंनी तीन भाषांत दिलगिरी व्यक्त केली. मुलगी बोलतच होती. अठरा मिनिटे. मी घड्याळ लावून बसले होते. स्वतःच्या मुलाच्या मुलाखतीच्या वेळीसुद्धा माझा जीव इतका टांगणीला लागला नव्हता. मग ती येऊन माझ्याशेजारी बसली आणि गटागटा पाणी प्याली. ‘काय गं?’ ‘कळवतो म्हणाले.’ ‘एकदा तरी कट झालं का?’ ‘नाही काकू. एकदाही नाही.’

पुढच्या गुरुवारी पॉवर बँक आठ-बेचाळीसच्या गाडीत जागच्या जागी परत आली, असे त्या बँकेतल्या बाईंनी मला मागाहून सांगितले. सोबत पेढे नव्हते. पाव किलो चकल्या होत्या, घरच्या.

मुली सुरक्षित फलाटावर उतरून बोलतात. पुरुषांच्या डब्याची तऱ्हा वेगळी. रेंज दारात चांगली मिळते हे शास्त्रदृष्ट्या खरेच आहे, आणि त्या सत्यापायी माणसे एका हाताने दांडा धरून दुसऱ्या हातातला फोन गाडीबाहेर काढून उभी राहतात. रुळांच्या कडेला खांबाआड दबा धरून बसलेल्या चोरांना हेच पाहिजे असते. हातावर काठीचा फटका बसतो, फोन खाली पडतो. ‘फटका गँग’ असे त्यांना नावच पडले आहे. फोन वाचवायला धडपडून माणूस स्वतः खाली गेला, पाय गमावून बसला, अशा बातम्या आपण वाचतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दारात उभे राहतो. ९ जून २०२५ च्या सकाळी मुंब्र्याच्या त्याच वळणावर दोन भरलेल्या लोकल एकमेकींच्या शेजारून जात असताना दारातली माणसे खाली फेकली गेली आणि काहींचे प्राण गेले. ती माणसे रेंजसाठी दारात उभी नव्हती; आत जागाच नव्हती. तेव्हापासून साध्या लोकललाही आपोआप मिटणारी दारे बसवण्याची भाषा सुरू झाली. कुणी म्हणतात, दारे मिटली की आत हवा राहणार नाही. कुणी म्हणतात, नेट राहणार नाही. हवेची काळजी मला समजते. नेट मात्र खुशाल जावे. मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर डिसेंबर २०२० पासून वातानुकूलित लोकल धावते. तिची दारे मिटलेली असतात आणि काचा बंद. मुंब्र्याला तिच्यात फोन साध्या गाडीहून अधिक वेळ मुका होतो, असे माझे निरीक्षण आहे. पण त्या गाडीतून उतरलेली माणसे मोजली तर चढली तितकीच भरतात.

तेव्हा जाणती माणसे काय करतात? माझ्या पाहण्यातल्या युक्त्या सांगते. गाणी, मालिका, नातवंडांचे अभ्यासाचे धडे घरच्या वायफायवर आधीच उतरवून घेतात. महत्त्वाचे बोलणे डोंबिवली ते दिवा या पट्ट्यात उरकतात. नेट अडले असताना साधा एसएमएस पाठवतात. तो बिचारा वेगळ्या गल्लीने जातो आणि पुष्कळदा पोहोचतो. बोगद्यानंतर फोन ढिम्म झाला, तर विमानाचे चित्र असलेली कळ दाबून पुन्हा सोडतात, म्हणजे तो नव्याने दार ठोठावतो. दोन कंपन्यांची दोन सिमे ठेवणारेही आहेत. एकीची जिथे मुंब्र्याला मान पडते, तिथे दुसरीची उठते. लोकलचे वेळापत्रक तर बहुतेकांच्या फोनमध्ये साठवलेलेच असते, त्याला नेट लागत नाही. क्यूआरचा कागद गळ्यात अडकवून क्लिपा विकणाऱ्या बायकांनी तर शास्त्र बसवले आहे. त्या दिवा सुटल्यावर माल दाखवतात, पण पैसे घेत नाहीत. ‘कळवा आलं की द्या ताई.’ कळव्याला पाच-सहा जणी एकदम फोन उघडतात आणि ‘प्राप्त हुए’चा गजर होतो. उधारीचा हा व्यवहार दोन स्टेशनांचा. त्यांचे कुणी बुडवल्याचे मी पाहिले नाही.

यावर पक्का इलाज नाही असे नव्हे. बोगद्याच्या भिंतीने एक विशेष प्रकारची केबल टाकतात. तिच्या वेष्टनाला ठरावीक अंतरावर फटी ठेवलेल्या असतात आणि त्यांतून लहरी पाझरत राहतात, शेताला ठिबक सिंचन करावे तशा. जगातल्या भुयारी रेल्वेंत ही सोय सर्रास असते. आपल्याकडे आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२४ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झाली. गाडी चकचकीत, फलाट आरशासारखे. आणि खाली उतरताच फोन बंद, म्हणून प्रवाशांची ओरड झाली. मोबाईल कंपन्या आणि मेट्रो यांचे भाड्यावरून जमत नव्हते. तंत्र तयार असते. अडते ते व्यवहारापाशी. स्थानकांतले फुकट वायफाय मात्र जमले. जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलपासून गूगल आणि रेलटेल यांनी ते सुरू केले आणि जून २०१८ पर्यंत चारशे स्थानके जोडली. गूगल २०२० मध्ये बाजूला झाले, रेलटेलने ते पुढे चालवले. पण फलाटावरचे वायफाय फलाटावरच राहते. गाडी हलली की तेही आपल्याला हात हलवून निरोप देते.

ज्यांना रेंज कशी जाते हे खरेच पाहायचे असेल, त्यांनी दिव्याहून सावंतवाडीची गाडी धरावी. कोकण रेल्वेवर नव्वदीवर बोगदे आहेत आणि रत्नागिरीजवळचा करबुड्याचा एकटाच साडेसहा किलोमीटरांचा. तिथे ‘बोगदा गेल्यावर बोलते’ असे म्हटले तर पुढचा बोगदा आलेला असतो.

आणि कधी कधी हा फोन म्हणजे गंमत राहत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मी ठाण्याच्या कचेरीत अडकले. गाड्या जागच्या जागी, मोबाईल मुके. मुलगा तेव्हा अकरावीत, क्लासला डोंबिवलीला गेलेला. तो कुठे आहे हे मला रात्रभर कळले नाही, आणि मी कुठे आहे हे त्याला. सकाळी कचेरीतला तारेचा जुना काळा फोन एकाएकी खणखणला. चाळीतल्या त्याच काकू! मुलगा आदल्या रात्री गुडघाभर पाण्यातून रुळांरुळांनी घरी आला होता, आणि कचेरीचा नंबर काकूंनी पंधरा वर्षे भिंतीवर लिहून ठेवला होता. पुढे २७ जुलै २०१९ ला बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यात अडकली. हजारावर प्रवासी, चहूकडे पाणी, आणि बाहेरच्या जगाशी धागा एवढाच, हातातला फोन. त्यावरून त्यांनी आपली चित्रे पाठवली, ती घरोघर पाहिली गेली. मग नावा आल्या, हेलिकॉप्टर आले आणि सगळे सुखरूप सुटले. त्या दिवशी मी मोबाईलच्या टॉवरला मनोमन नमस्कार केला.

आमच्या भागात टॉवरला नमस्कार करणारे थोडे, आणि अर्ज करणारे फार. डोंबिवलीत प्रत्येक सोसायटीचे एक मत पक्के असते: रेंज पाहिजे, टॉवर नको. टॉवर असावा, पण समोरच्या इमारतीवर. समोरच्या इमारतीचेही मत तेच असल्याने तो बहुधा तिसऱ्याच्या गच्चीवर जातो, आणि भाड्याचे पैसे येऊ लागले की त्या सोसायटीला रंग लागतो. मग दोन्ही शेजाऱ्यांना आरोग्याची चिंता अधिकच वाटू लागते.

ठाकुर्लीला एके काळी रेल्वेचे स्वतःचे वीजघर होते. चोळ्याचे पॉवर हाऊस म्हणत. विजेच्या गाड्या सुरू झाल्या त्या काळात ते उभे राहिले, आणि बंद पडूनही आता पुष्कळ वर्षे लोटली. त्याची धुराडी मी लहानपणी पाहिली आहेत. त्या मैदानाशी गाडी आली की रेंज पुरती येते आणि ती कल्याणपर्यंत टिकते. मग साऱ्या डब्यात एकदम टिंग-टिंग सुरू होते. मुंब्र्याला अडकलेले, कळव्याला हरवलेले, ठाण्याला निघालेले सगळे निरोप एका दमात येतात. कुणाचे तिसरीतले पोर विचारते, ‘आई, आठाचा पाढा कुठपर्यंत?’ कुणाला साहेब विचारतो, उद्या लवकर येणार का. कुणाचा नवरा लिहितो, ‘दूध मी आणतो’, आणि त्याच्याखाली, चार मिनिटांनंतरचे, ‘दुकान बंद आहे, तूच आण.’

गेल्या मंगळवारी मला एकच निरोप आला. सूनबाईंचा. ठाण्याला मी गाडीत पाऊल टाकले तेव्हा निघालेला, आणि कल्याणच्या पुलावर मी अर्ध्या पायऱ्या चढल्यावर पोहोचलेला. ‘आई, छत्री इथेच राहिली. स्टेशनवर असाल तर परत या.’ वर पाहिले तर दुर्गाडीच्या बाजूने आभाळ भरून आले होते. मी पदर डोक्यावरून घेतला आणि उरलेल्या पायऱ्या चढले.